परका रस्ता

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि पनवेल तालुक्यातील नेऱ्यासारख्या गावालाही परदेश जवळचा झाला. मुलाकडे वा लेकीकडे जाणाऱ्या, अथवा नुसते हिंडावयास निघणाऱ्या माणसाला घरची वडीलधारी मंडळी विमानाविषयी काळजीने विचारतात. विमानातून उतरल्यावर भाड्याची मोटार कोण हाकणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि खरा धोका तर तेथेच आहे.

युरोपखंडात बहुतेक ठिकाणी आणि अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. १९४९ च्या जिनीव्हा करारान्वये मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आपले परिवहन कार्यालय हातातील परवान्याच्या आधारे देते. उजवीकडून गाडी हाकता येते की नाही, याची परीक्षा कोणी घेत नाही. पहिल्या दिवशी चालक सावध असतो. चूक होते ती पुढे, मन निर्धास्त झाल्यावर, एखाद्या निर्मनुष्य चौकात वळताना.

स्वीडनची हकीकत या संदर्भात मोठी बोलकी आहे. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे त्या संबंध देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. हाहाकार उडेल अशी अनेकांना धास्ती होती. घडले उलटेच! प्रत्येकाला रस्ता परका वाटू लागल्याने अपघात काही काळ कमी झाले. आणि सवय जडताच, सुमारे दोन वर्षांत, पूर्वपदावर आले. रस्ता ओळखीचा झाला की माणूस बेफिकीर होतो, याहून दुसरा अर्थ आम्हांस तरी लावता येत नाही.

मग घरच्या रस्त्याचे काय? २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर दगावली. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मृत्यू पावले. ते मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा, हा नियम तेव्हाही होताच. परदेशात दंडाच्या भयाने निमूटपणे पट्टा बांधणारे आमचे सुशिक्षित बांधव मायदेशी उतरताच तो बाजूला सारतात, याचे आम्हांस नवल वाटते आणि खेदही.

पावसाळ्यातील रविवारी माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याकडे नेऱ्यावरून मोटारींची रीघ लागते. शहरातून आलेल्या चालकाला ती वाट वस्तुतः परदेशाइतकीच परकी असते. पण तो ती आपलीच समजून गाडी दामटतो. कडेने शाळकरी मुले चालतात, गुरे जातात. शांतिवनातील आश्रमही याच गावी आहे. या वाटेवर पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र कडा बांधावी आणि सुटीच्या दिवशी वेगावर पोलिसांची नजर असावी. आंतरराष्ट्रीय परवाना देतानाही अर्धा तास उजव्या बाजूच्या वाहतुकीचे धडे द्यावेत. त्यास फारसा खर्च येणार नाही.