श्वासाची वाट

गायनगुरूचा आणि शस्त्रवैद्याचा संबंध काय? १८५४ सालीं मॅन्युएल गार्सिया या गायनाचार्यानें आरशांच्या साह्यानें स्वतःच्या कंठांतील स्वररज्जू पाहिले. पुढें १९४३ सालीं मॅकिंटॉश यांनीं वांकडें पातें काढलें; बेशुद्ध रोग्याची जीभ उचलून श्वासनलिकेंत नळी घालणें त्यानें सुकर झालें. आतां पात्याच्या टोकाशीं इवलासा कॅमेरा असतो. आडवळणाची वाट पडद्यावर दिसते, मानही फारशी मागें वांकवावी लागत नाहीं.

परंतु तोंडच उघडेना, तर? सुपारी-गुटख्यानें गालाचें अस्तर ताठरतें. तेथें हें पातेंही अडतें. नाकावाटे लवचीक दुर्बीण घालावी लागते. आणि श्वास थांबला तर मेंदू कांहीं मिनिटेंच तग धरतो.

म्हणून चौसाळ्याहून शस्त्रक्रियेसाठीं बीडला वा अंबेजोगाईस निघण्यापूर्वीं घरच्यांनीं रोग्यास आरशासमोर बसवावें. त्याचीं स्वतःचीं तीन बोटें उभीं तोंडांत मावतात काय? मावत नसल्यास, दांत हलत असल्यास, किंवा पूर्वीं नळी घालतांना अडचण आली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस आधींच सांगावें. व्यसन लाजेनें लपवूं नये. तेवढ्या माहितीवर योग्य साधन वेळेपूर्वीं हाताशीं ठेवतां येतें.