तिसरीतला एआय

कोळीवाड्यातल्या आठ वर्षांच्या पोरीपुढे टोपलीभर म्हावरं ओता. मांदेली एकीकडे, कोळंबी दुसरीकडे, बोंबील तिसरीकडे; बोलता बोलता वाटे पडतात. मग विचारा, मांदेली कशावरून ओळखलीस? ती जरा थांबेल, मग सोनेरी झाक, आकार, शेपटी असं एकेक सांगू लागेल. मध्येच एखादा अनोळखी मासा निघाला की तो कुठल्या वाट्यात टाकायचा यावरून वर्गात भांडण जुंपेल. खुणा हेरायच्या, गट पाडायचे, नव्या वस्तूबद्दल अंदाज करायचा. एआयचं बरंचसं काम हेच, फक्त लाखो माशांवर.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलं की 2026-27 पासून तिसरी आणि पुढच्या इयत्तांत एआय आणि संगणकीय विचार शिकवला जाईल. अभ्यासक्रम ठरवण्यासाठी आयआयटी मद्रासचे प्रा. कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सीबीएसईत हा विषय नववीला 2019 पासूनच आहे; नवीन आहे ते तिसरीचं वय. आपल्याकडे महाराष्ट्रात एप्रिल 2025 च्या शासन निर्णयानुसार तिसरीची नवी पुस्तकंही 2026-27 लाच यायची आहेत, म्हणजे दोन्ही गाड्या एकाच फलाटावर.

‘शाळेत संगणक आहेत का?’ हा प्रश्न लगेच येतो, पण तिसरीपुरता तो गौण आहे. क्रम लावणं, नमुना ओळखणं, वर्गीकरण करणं ही कामं खडू-फळ्यावर आणि म्हावऱ्यावर होतात. अडचण वेगळी आहे. असा तास घ्यायला शिकवणाऱ्या बाईंकडे मोकळा वेळ हवा.

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास आहेत, आणि कोकणात त्या जागोजाग दिसतात. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले की चारही वर्ग एकाच बाईंच्या गळ्यात. त्यात डिसेंबर 2023 पासून शाळांची आकडेवारी गोळा करणाऱ्या विद्या समीक्षा केंद्रासाठी हजेरी चॅटबॉटवर भरायची, नियतकालिक चाचणीचे गुणही चॅटबॉटवरच. डोंगराआडच्या वाडीत रेंज नसली की बाई फोन वर धरून पटांगणात फिरतात. शाळेत तंत्रज्ञान आलंय ते असं: मुलांना शिकवायला कमी, मुलं मोजायला जास्त.

मोजणारं यंत्र काय पाहतं, हेही बघायला हवं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात; मुलं सोबत जातात. हजेरीच्या आकड्यांवरून ‘शाळा सोडण्याचा धोका’ वर्तवणारी प्रणाली उद्या आली, तर ही मुलं तिला दरवर्षी सापडतील. पण ती कुठल्या भट्टीवर आहेत आणि तिथे जवळची शाळा कोणती, याचं उत्तर तिच्याकडे नसेल. ते सध्या बाईंच्या फोनमध्ये असतं, मुकादमाच्या नंबरासकट.

भाषेचं तसंच. आगरी-कोळी घरात ‘पानी’ आणि ‘डोला’ म्हणणारं मूल ‘पाणी’, ‘डोळा’ वाचताना अडखळत नाही. त्याच्या तोंडी उच्चार फक्त घरचा येतो. बाईंना हे कळतं. पुस्तकी मराठीचे आवाज ऐकवून तयार केलेलं वाचनाचं अ‍ॅप मात्र तिथे लाल खूण करू शकतं. रायगडातल्या कोर्लई गावात तर काही घरांची भाषाच पोर्तुगीजमधून उपजलेली. जुलै 2022 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या भाषांतर मंचावर मराठी आहे, पण किनाऱ्यावरची मराठी तिथे पोचायची तर कुणीतरी मुरूड-श्रीवर्धनच्या पोरांचे आवाज आधी नोंदवले पाहिजेत.

आणि नोंदवायचे म्हटलं की कायदा आला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि त्यांत शाळांना शैक्षणिक कामापुरती सूट आहे. युनेस्कोच्या 2023 च्या मार्गदर्शिकेने वर्गात जनरेटिव्ह एआय वापरायला किमान तेरा वर्षं वय सुचवलंय. आपली तिसरी त्याच्या बरीच अलीकडे. अभ्यासक्रमात एआय ‘शिकणं’ आणि मुलाच्या हाती चॅटबॉट देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शाळांना जाणाऱ्या परिपत्रकातच ठळक लिहिलेलं बरं.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. एरवी तिथे पोषण आहार आणि गळक्या छपरावर चर्चा होते. येत्या जूनमध्ये नवं अ‍ॅप आलं, तर त्याच बैठकीत तीन गोष्टी विचारता येतील: पोराचा आवाज कुठे साठवला जातो, किती दिवस ठेवतात, आणि यंत्राने चूक म्हटलेलं बाईंना खोडता येतं का.