उंबरठ्यावरची माणसे (लेखांक ६) : गोरा कोण, हे ठरवणार कोण?

गेल्या आठवड्यात आपण १८८२चा कायदा पाहिला. चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद, असे त्यात सरळ लिहिले होते. आज ज्या कायद्याकडे वळायचे आहे, त्यात बंदीचा शब्दही नव्हता. १७९०च्या नागरिकत्व कायद्याने परदेशात जन्मलेल्या ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’ला अमेरिकी नागरिक होण्याची मुभा दिली. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मिळाली. उरलेल्या जगाचे नशीब मात्र एका शब्दावर टांगले गेले. गोरा म्हणजे कोण?

न्यायालयांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये गोरे ठरले. ताकाओ ओझावा यांचे तसे झाले नाही. जन्म जपानचा, शिक्षण कॅलिफोर्नियातले, घरात बोलणे इंग्रजीत. जपानी माणसाची कातडी पुष्कळ गोऱ्यांइतकीच गोरी असते, हा त्यांचा एक मुद्दा होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रश्न कातडीच्या रंगाचा नाही. कायद्यातला गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. ओझावा त्या वंशाचे नाहीत, म्हणून नागरिकत्व नाही.

तीन महिन्यांनी त्याच न्यायालयाने हिंदुस्थानातून आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल दिला. १९१८चे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. अंगावर अमेरिकी लष्कराचा गणवेश, डोक्यावर पगडी. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढूनही घेतले गेले. १९२० मध्ये ऑरेगन राज्यातल्या न्यायालयाने ते पुन्हा दिले, तेव्हा सरकार वरच्या न्यायालयात गेले. थिंड यांची बाजू वरकरणी भक्कम होती. त्या काळचे वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन म्हणत होते आणि नुकताच न्यायालयाने तोच शब्द उचलून धरला होता.

१९ फेब्रुवारी १९२३ला निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनीच ओझावांचाही निकाल लिहिला होता. आता ते म्हणाले, कायदा शास्त्रज्ञांच्या भाषेत लिहिलेला नाही. तो सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे वाचायचा, आणि सामान्य माणूस हिंदुस्थानी माणसाला गोरा म्हणणार नाही. ओझावांना शास्त्र दाखवून परत पाठवले, थिंड यांना शास्त्र बाजूला ठेवून. सदरलंड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मले होते. त्यांच्या घराण्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

यानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांवर खटले भरले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांचे नागरिकत्व गेले, त्यापाठोपाठ, नागरिक होऊ न शकणाऱ्यांना जमीन नाकारणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली मालमत्ताही गेली. ब्रिटिश प्रजाजनत्व त्यांनी आधीच सोडले होते. १९२८ मध्ये या हताशेत त्यांनी जीवन संपवले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही खटला झाला. ते लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायलाच नकार दिला, तेव्हा उरलेले खटले थांबले.

या खटल्यातली एक गोष्ट मराठी वाचकाने डोळ्यांआड करू नये. थिंड यांच्या बाजूने असे मांडले गेले की उच्चवर्णीय हिंदू हा आर्य आहे आणि अमेरिकी माणूस निग्रोशी लग्नसंबंध टाळतो तसाच तोही खालच्या जातींशी टाळतो. म्हणजे गोरेपणाचा दाखला म्हणून जात पुढे केली गेली. याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. फुल्यांनी दोन देशांतल्या दुःखाचे नाते ओळखले. थिंड यांच्या युक्तिवादाने दोन देशांतल्या अहंकाराचे नाते जुळवू पाहिले, आणि ते जुळले नाही. दार असे का आहे, हे त्या युक्तिवादाने विचारलेच नाही. आम्हाला तेवढे आत घ्या, इतकेच मागितले.

१९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण प्रवेश वर्षाला अवघ्या शंभर जणांनाच. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतले निग्रो आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य दाखवले. नागरिकत्वातली वंशाची अट १९५२ मध्ये गेली. देशोदेशींचा जुना कोटा १९६५च्या कायद्याने रद्द केला. आज न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये जी मराठी घरे गणपती बसवतात, त्यांतली बहुतेक त्या कायद्याने उघडलेल्या वाटेने गेलेली आहेत. त्या कायद्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलेले वातावरण होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

शिक्के मात्र बदलत राहिले. १९२० ते १९४०च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा वंश म्हणून नोंदला गेला आणि त्यात शीख व मुसलमानही आले. १९७०मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजले आणि १९८०च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ असा नवा चौकोन आला. त्याच माणसाला एका शतकात तीन वंश लाभले! माणूस तोच होता, बदलली ती मोजणाऱ्याची नजर.

आजच्या कायद्यात रंग नाही, पण जन्मदेश आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. ही अट कशी आली, ती कोणी सांभाळली आणि कोण बदलू पाहते आहे, हे पुढच्या लेखांकात पाहू.

तोवर एक विनंती. घरात परदेशी गेलेल्या मुलाच्या व्हिसाची चर्चा निघेल, तेव्हा ‘आपण तसले नाही, आपण शिकलेले’ हे वाक्य कोणी उच्चारले, तर तिथेच थांबा आणि ‘तसले’ म्हणजे कोण, हे विचारा. तो प्रश्न उघडपणे, सगळ्यांसमोर विचारायला हवा. १९२३ मध्ये तो विचारला गेला नाही आणि थिंड हरले.