गणवेशाच्या वाटा (लेखांक ५) : वैमानिक व्हायचंय? निकष शेवटापासून वाचा

मागच्या लेखात एनडीए, सीडीएस आणि एएफकॅट या तीन परीक्षांची ओळख करून घेतली. त्या तिन्हींतून हवाई दलाच्या उड्डाण शाखेत जाता येतं. मात्र लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पार केलेला उमेदवारही वैमानिक होईलच असं नाही. आजचा लेख त्यापुढच्या दोन चाळण्यांबद्दल आहे : वैमानिकाची अभियोग्यता चाचणी आणि वैद्यकीय तपासणी.

निवडीचा क्रम असा : आधी लेखी परीक्षा, मग निवड मंडळासमोरची मुलाखत व चाचण्या, त्यातच वैमानिकांसाठीची संगणकीय चाचणी आणि सगळ्यांत शेवटी वैद्यकीय तपासणी. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरची मुलं तयारीही याच क्रमानं करतात. नागपूरला खोली घेऊन दोन-दोन वर्षं क्लास लावतात. घरच्यांनी धानाच्या पैशातून फी भरलेली असते. आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर कळतं की डोळ्याला उणे नंबर आहे, म्हणजे उड्डाण शाखा पहिल्या दिवसापासूनच बंद होती. हे टाळता येतं. त्यासाठी निकष शेवटापासून वाचायचे. लेखी परीक्षा वयात बसेपर्यंत पुन्हा देता येते, अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते आणि हाडांची लांबी तर कुणाच्याच हातात नसते.

म्हणून आधी मोजपट्टी हातात घ्या. उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटीमीटर लागते. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंटीमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटीमीटर हवी. हे आकडे कॉकपिटच्या मापावरून आलेले आहेत. पाय आखूड असेल तर पॅडल पूर्ण दाबलं जात नाही. संकटात वैमानिक आसनासह विमानाबाहेर फेकला जातो, त्या क्षणी मांडी लांब असेल तर गुडघा समोरच्या पॅनेलवर आदळू शकतो. शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या सरांना ही मापं भिंतीशी बसवून ढोबळमानानं घेता येतील.

दुसरी गोष्ट डोळे. एका डोळ्याची दृष्टी ६/६ आणि दुसऱ्याची किमान ६/९ हवी आणि हा दुसरा डोळा चष्म्यानं ६/६ पर्यंत यायला हवा. ही सवलतही फक्त अधिक नंबरासाठी आहे. उणे नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, उड्डाण शाखेला चालत नाही. उणे नंबर बहुधा शाळेच्या वयातच लागतो आणि फळा दिसेनासा झाल्याशिवाय कुणी डोळे तपासत नाही. रंगदृष्टीचीही कसून तपासणी होते. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणं हा आनुवंशिक दोष आईकडून मुलग्यात येतो आणि रोजच्या जगण्यात तो अनेकदा लक्षातही येत नाही. ठिपक्यांमध्ये आकडा लपवलेल्या इशिहारा तक्त्यावर मात्र तो काही मिनिटांत कळतो.

तिसरी गोष्ट रक्त. आपल्या भंडारा जिल्ह्यानं ती सर्वांत गांभीर्यानं घ्यायला हवी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. प्राणवायू कमी झाला की या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे वैमानिकासाठी हा धोका थेट जिवाशी जातो. हवाई दलाच्या निकषांत सिकलसेलचा रुग्ण अपात्र ठरतो. थॅलेसेमियाच्या बाबतीत तर नुसता वाहकही अपात्र ठरतो. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीनं पूर्वी सिकलसेलच्या वाहकांनाही दार बंद ठेवलं होतं. तो नियम १९८१ मध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिससारखी पक्की चाचणी. ही तपासणी प्रत्येक मुलाची व्हायलाच हवी, मग तो सैन्यात जावो वा न जावो. त्यासोबत हिमोग्लोबिनही पाहा : मुलग्यांना १३ आणि मुलींना ११.५ ग्रॅमच्या खाली चालत नाही. आहारामुळे कमी असेल तर ते वेळ हाताशी असताना भरून काढता येतं.

उड्डाण शाखेची वैद्यकीय तपासणी दिल्ली किंवा बेंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थांत होते. पाठीच्या कण्याचा एक्स-रे, हृदयाचा आलेख, कान, नाक, दात असं सगळं तपासतात. काही दोष तात्पुरते धरले जातात, जसं वाढलेलं वजन किंवा टॉन्सिल. ते दुरुस्त करून अपील मंडळासमोर पुन्हा उभं राहता येतं. गोंदणाचे नियम कडक आहेत. आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाचा मात्र प्रकरण पाहून विचार होतो, तेव्हा आजीनं काढून घेतलेल्या गोंदणामुळे कुणी अर्जच न भरणं चुकीचं ठरेल.

आता अभियोग्यता चाचणी. जुनी चाचणी पीएबीटी नावानं ओळखली जाई. आता डीआरडीओनं विकसित केलेली सीपीएसएस ही संगणकीय प्रणाली वापरतात. यात दोन गोष्टी पारखल्या जातात. एक म्हणजे उपकरणांचं वाचन : उंची, वेग, दिशा, विमानाचा कल दाखवणाऱ्या तबकड्या पाहून विमान कुठे वळतंय, चढतंय की उतरतंय हे झटपट सांगायचं. दुसरं म्हणजे हात, पाय आणि नजर यांचा मेळ : हातात जॉयस्टिक, पायाखाली पॅडल, समोर पडद्यावर सतत सरकणारा ठिपका. तो आवरता आवरताच मधूनच येणाऱ्या दिव्यांना आणि आवाजांना प्रतिसादही द्यायचा. या चाचणीत अनुत्तीर्ण झालेला उमेदवार पुढे कोणत्याही परीक्षेतून आला, तरी उड्डाण शाखेसाठी पुन्हा बसू शकत नाही. त्यामुळे तापात, जागरणानंतर किंवा सूचना अर्धवट ऐकून ती देऊ नये. तबकड्यांची ओळख आधीच करून घ्यावी. परीक्षक सूचना देतात तेव्हा शंका असेल तर हात वर करून विचारावं. तिथे विचारण्याला कुणी हसत नाही.

लेखी परीक्षेचा तपशील मागे आलाच आहे. एवढंच लक्षात ठेवा : एनडीएतून उड्डाण शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. एएफकॅटसाठी पदवीला ६० टक्के आणि वय २० ते २४. एनसीसीच्या हवाई शाखेचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेतूनच सूट मिळते. मुलींना २०२१ पासून एनडीएची परीक्षा देता येते. नागपूरच्या अंतरा मेहता लढाऊ वैमानिक झाल्या, तेव्हा विदर्भातल्या मुलींपुढे उदाहरण आहे.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडणारी प्रशिक्षण विमानं पाहून अनेकांना ही ओढ लागते. ते प्रशिक्षण नागरी वैमानिकाचं आहे आणि त्याचे वैद्यकीय निकष वेगळे आहेत. नागरी वैमानिकाला चष्मा चालतो. म्हणजे हवाई दलानं डोळ्यांमुळे नाकारलेल्या मुलाची आकाशाची वाट तिथेच संपत नाही. हवाई दलातही तांत्रिक आणि भूशाखा आहेतच.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवी-नववीतच मुलांची उंची, डोळे, रंगदृष्टी आणि सिकलसेल तपासून घ्या. जिल्हा सामान्य रुग्णालयात डोळे आणि रक्त दोन्हींची सोय आहे. त्यानंतर दहावीच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा आणि मुलींसाठी नाशिकच्या संस्थेचा विचार करता येईल. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचा, कारण निकषांत बदल होत असतात. चौदाव्या वर्षी खरं कळलं, तर दुसरी वाट निवडायला मुलाकडे पुरेशी वर्षं उरतात आणि घरावर कर्जाचा भारही पडत नाही.

पुढच्या आठवड्यात : निवड मंडळासमोरचे पाच दिवस, आणि मराठी माध्यमातल्या मुलांनी त्यांची तयारी कशी करावी.