जुन्या संगणकासाठी हार्ड डिस्कची घरगुती पेटी

१९८६ साली आलेल्या मॅकिंटॉश प्लस या संगणकात अंतर्गत हार्ड डिस्क नव्हती, परंतु पाठीमागील २५ पिनांच्या स्कझी (SCSI) जोडणीमुळे ती बाहेरून लावण्याची तजवीज होती; अशा यंत्रासाठी पेटी घरीच सिद्ध करावयाची, तर सुटे भाग शोधण्यास मुंबईतील हिंदमाता परिसरातून डॉ. भडकमकर मार्गावरील, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवरील, बाजार गाठावा.

डिस्कला बहुधा ५ व १२ व्होल्ट असे दोन्ही विद्युतदाब लागतात. तिला ० ते ६ पैकी मोकळा स्कझी क्रमांक द्यावा, कारण ७ हा संगणकाने स्वतःकडे राखलेला असतो. खरी मेख मात्र टर्मिनेटरची, म्हणजे टोकाशी संकेत परावर्तित होऊ न देणाऱ्या रोधकसंचाची: तो जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या दोन्ही टोकांस हवा, आणि प्लस त्यास वीज पुरवीत नसल्याने ती पेटीतूनच द्यावी लागते, या एका बाबीकडे दुर्लक्ष झाल्यास सुस्थितीतील डिस्कही नादुरुस्त भासते.

धातूच्या पेटीस अर्थिंग अपरिहार्य आहे. हिंदमाता परिसर सखल असून अतिवृष्टीत तेथे पाणी तुंबते, म्हणून तळमजल्यावरील बिऱ्हाडात हे साहित्य उंच फळीवरच ठेवावे, आणि पाणी चढू लागताच, त्याचा स्पर्श होण्यापूर्वी, मुख्य स्विच बंद करावा.