परभणीचा रांजण आणि पाहुण्याचा ताप

२००७ च्या जूनमध्ये केरळहून गेलेला एक पाहुणा उत्तर इटलीतल्या कास्तिग्लिओने दि चेर्विया या खेड्यात नातेवाइकांकडे उतरला आणि तापाने फणफणला. जुलै उजाडताच गावातल्या लोकांनाही तोच ताप येऊ लागला. सप्टेंबर सरेपर्यंत त्या परिसरात चिकुनगुन्याचे २०५ रुग्ण सापडले. थंड हवेच्या युरोपातला हा या रोगाचा पहिलाच स्थानिक उद्रेक. विषाणू पसरवणारा एडिस जातीचा टायगर डास तिथे आधीपासूनच होता. विषाणू आला तो पाहुण्याच्या रक्तातून.

एडिस डास सहसा जन्मल्या जागेपासून चार-पाचशे मीटरपलीकडे जात नाही. विषाणूला गावोगाव नेतो तो माणूस.

परभणी जंक्शनवरून पुण्या-मुंबईला ये-जा करणाऱ्यांसाठी ही गोष्ट दूरची नाही. १९७३ मध्ये मराठवाड्याच्या वेशीवरच्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पुढे तीन दशकं हा आजार जवळपास दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह अनेक भागांत उसळला. त्या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले.

परभणीत पाणी साठवल्याशिवाय घर चालत नाही. साठवणीच्या रांजणात, हौदात विजेरीचा झोत टाकून पाहावं. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, आतल्या भिंतीला बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती एडिसची अंडी असू शकतात. पाणी आटलं तरी ती महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा भिजली की आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. आठवड्यातून एकदा भांडं आतून खसखसून घासावं, वाळवावं आणि भरल्यावर घट्ट झाकावं.

एडिस दिवसा चावतो. सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. त्यामुळे प्रवासात रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून चालत नाही. अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेवर डीट हे डासरोधक असलेलं मलम लावावं. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी. इटली-फ्रान्सला लेकाकडे उन्हाळ्यात निघालेल्या आईवडिलांनीही हे मलम सोबत ठेवावं.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आधी सांगावं. पहिला आठवडाभर विषाणू रक्तात असतो, म्हणून तेव्हा रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीतच झोपावं. असाच ताप डेंग्यूचाही असू शकतो; तो नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापावर पॅरासिटामॉल घ्यावं, तेही डॉक्टरांना विचारूनच.