सेफ मोड : दोष फोनचा की ॲपचा?

देवबाग-तारकर्लीतल्या खोल्यांचं बुकिंग, मालवण जेटीवरचे यूपीआयचे पैसे, मासळीचा भाव, सगळं आता फोनवर. आणि ऐन हंगामात तो तापतो, अडकतो, मधेच जाहिराती उसळतात. दुरुस्तीला टाकण्याआधी सेफ मोड जरूर करून पाहावा. पैसा लागत नाही.

या मोडमध्ये अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट फक्त मूळची ॲप चालवतो, आपण नंतर घेतलेली थांबवून ठेवतो. बऱ्याच फोनांत पॉवरचा मेनू उघडून ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की पर्याय येतो. पडद्याच्या कोपऱ्यात ‘सेफ मोड’ अशी अक्षरं दिसतात. फोटो, संपर्क जात नाहीत. फोन आता सुरळीत चालला, तर दोष बहुधा ॲपचा. रीस्टार्ट करून सर्वांत अलीकडे घेतलेलं ॲप आधी काढावं, मग त्याआधीचं. मेसेजमधल्या लिंकवरून घेतलेलं ॲप असेल, तर पहिला संशय त्याच्यावर. सेफ मोडमध्येही त्रास तसाच राहिला, तर बॅटरी किंवा मूळ सॉफ्टवेअर तपासून घ्यावं. खाऱ्या दमट हवेने चार्जिंगच्या खाचेत धरलेल्या गंजावर मात्र हा इलाज नाही.

होडीवाल्यांनी हे किनाऱ्यावरच करावं, समुद्रात कधीच नाही. हवामानाची, लाटांच्या अंदाजाची डाउनलोड केलेली ॲप सेफ मोडमध्ये उघडत नाहीत. एअरप्लेन मोड चालू झालेला दिसला तर लगेच बंद करावा, नाहीतर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही लागणार नाही.

आयफोन-आयपॅडमध्ये ही सोय नाही.